एकोणतीस एप्रिलचं माप

माल एकाच लॉटमधला असेल तर माप एकसारखंच आलं पाहिजे, आणि येत नसेल तर कुठेतरी पाणी मुरतंय, एवढी एकच गोष्ट मोरिहिसा इबुकी आयुष्यात नीट शिकला होता. भिंगांच्या कारखान्यात तपासणी खात्यात अडतीस वर्षं काढलेल्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. त्याच्या हाताखालून गेलेलं भिंग कधी परत आलं नाही. पण त्याच्या गल्लीतल्या सहा झाडांनी त्याला वीस वर्षं छळलं.

जपानात उत्सुनोमिया शहराच्या बाहेर, भाताची खाचरं बुजवून उठवलेल्या वस्तीतली ती गल्ली. घरं बांधणाऱ्याने चाव्या देताना प्रत्येक कुटुंबाच्या हातात हानामिझुकी या फुलझाडाचं एकेक रोप ठेवलं होतं. सहाही रोपं एकाच रोपवाटिकेतली, एकाच टेम्पोतून उतरलेली, सगळी पांढऱ्या फुलांची. पुढे झाडं मोठी झाली आणि फुलं लागली तेव्हा कुणाचं फूल तळहाताएवढं, कुणाचं जेमतेम लिंबाएवढं. बाकीच्यांना यात काही वावगं वाटलं नाही. झाडच ते, त्याची मर्जी. इबुकीला मात्र चैन पडेना.

बायको गेली त्या वर्षी एकोणतीस एप्रिलची सुट्टी त्याच्या अंगावर आली. घरात बसवेना. त्याने कारखान्यातला माप घ्यायचा जुना कॅलिपर खिशात घातला आणि पहिल्या घराची बेल दाबली. तेव्हापासून तो गल्लीचा रिवाजच झाला. दरवर्षी तीच तारीख, सकाळी दहाचीच वेळ, पहिल्या घरापासून सहाव्यापर्यंत तोच क्रम, प्रत्येक झाडाची दहा फुलं. सरासरी काढून तो यादी करायचा आणि ती गल्लीच्या फिरत्या फाइलला लावायचा. या फाइलमध्ये एरवी कचऱ्याचे वार, भूकंपाची कवायत आणि हरवलेली मांजरं असत. वाचायचं, आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पुढच्या घराच्या फाटकावरच्या हुकाला अडकवून यायचं. फुलांची यादी लागली की मात्र फाइल एकेका घरात दोन-दोन दिवस मुक्काम करायची.

दुसऱ्या घरातल्या नोगामीबाईंचा नंबर बहुतेक वेळा पहिला. बारा सेंटिमीटरच्या खाली त्या कधी उतरल्या नाहीत. फेब्रुवारीत पहाटे उठून त्या झाडाच्या बुडाशी पेंड पुरतात हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. विचारलं की म्हणायच्या, आमची मातीच चांगली. इबुकीचं स्वतःचं झाड अकराच्या आसपास, मध्ये कुठेतरी. आणि सहावं, आंझाईंचं झाड, कायम शेवटी. साडेसहा, फार तर सात. रंगही धड पांढरा नाही, हिरवट. इबुकीने पहिल्याच वर्षी वहीत त्याच्यापुढे लिहून टाकलं होतं, “नगात दोष.”

आंझाई त्याच्याच खात्यात, शेजारच्या टेबलावर बसायचा. शेवटचा नंबर आला म्हणून त्याला कधी वाईट वाटलं नाही. “अरे, शेवटी कुणीतरी असावंच लागतं, नाहीतर नोगामीबाई पहिल्या कशा येतील?” असं म्हणून तो पोट धरून हसायचा. तेरा वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्यामागे सहाव्या घरात त्याची बायको तोकिको एकटी राहिली, पाचव्यात इबुकी एकटाच होता, आणि मध्ये कमरेएवढं कुंपण होतं.

त्या तेरा वर्षांत काय झालं, असं कुणी विचारलं तर काहीच झालं नाही असंच सांगावं लागेल. ती सकाळी आठला कपडे वाळत घालायची, तेव्हा हा आठला पाच कमी असताना खिडकीशी येऊन उभा राहायचा. महिन्यातून दोनदा फिरती फाइल तिच्या हुकाला अडकवायचा, आतून तिच्या चपलांचा आवाज येईपर्यंत फाटकाशी घुटमळायचा, आणि आवाज आला की झपाझप घरी परतायचा. आत जायला काहीतरी काम लागतं. एकट्या बाईच्या घरात एकटा पुरुष काम नसताना गेला तर नोगामीबाईंच्या पडद्यामागून ते दिसल्याशिवाय राहणार नाही. आणि आंझाई त्याचा मित्र होता. मेलेल्या मित्राच्या घरात कुठल्या तोंडाने शिरायचं, हे त्याला तेरा वर्षांत ठरवता आलं नाही.

काम असायचं फक्त एकोणतीस एप्रिलला. आंझाईने झाड घरामागे, उत्तरेच्या अंगाला लावलं होतं, कारण पुढची जागा गाडीला हवी होती. त्यामुळे मापं घ्यायला आत, थेट मागच्या पडवीपर्यंत जावं लागायचं. तोकिको वही घेऊन पडवीच्या कडेवर बसायची, तो शिडीवरून आकडा सांगायचा आणि ती लिहून घ्यायची. सहा पॉइंट चार. लिहिलं. सहा पॉइंट नऊ. लिहिलं. असे दहा आकडे. मग चहा, ओकच्या पानात गुंडाळलेली एक मोची, म्हणजे तांदळाची गोड वडी, आणि यंदा थंडी लांबली की नाही यावर दोन वाक्यं. वर्षभर तो या पाऊण तासावर जगायचा, पण हे त्याने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

यंदा फेब्रुवारीत नोगामीबाई फाइल घेऊन स्वतः त्याच्या दारात आल्या. हातात बातमी असली की त्यांना हुकही चालत नसे आणि घरांचा क्रमही. शेजारच्या आंझाईसान पार उत्तरेला, साप्पोरोला चालल्या, मुलाकडे, त्यांनी सांगितलं. गुडघे साथ देत नाहीत, मुलगा ऐकत नाही, घर विकलंसुद्धा. घेणारे लोक सगळं पाडून नवं बांधणार आहेत. सामानाची गाडी दहा मेला येणार. “तुमची यादी आता पाच घरांची,” बाई म्हणाल्या, “शेवटचा नंबर कुणाला देणार? मला देऊ नका म्हणजे झालं.”

इबुकी हसला. त्या गेल्यावर त्याने फाइलवर शिक्का मारला तो उलटा. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकही शिक्का उलटा मारला नव्हता.

त्याला सांगायचं होतं एवढंच की जाऊ नका. दोनच शब्द. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, दाढी करताना तो ते आरशाला सांगून बघायचा. आरशाला सांगताना जमायचं. फाइल अडकवायला गेला की फाइल अडकवून तसाच परतायचा. मग त्याने ठरवलं, एकोणतीस एप्रिलला. त्या दिवशी आपण हक्काने आत असतो, पाऊण तास असतो, तेव्हा नाही बोललो तर आपल्यासारखा नालायक आपणच.

एकोणतीस एप्रिल उजाडला. ऊन होतं. नोगामीबाई बारा पॉइंट तीनवर आल्या आणि त्यांनी शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नवल केलं. आपलं झाड त्याने घाईघाईत उरकलं. सहाव्या घरात खोकी रचलेली होती, भिंतीवर कॅलेंडर काढल्याचा चौकोन उमटला होता, पण तोकिको नेहमीसारखी वही घेऊन कडेवर बसली. तो शिडी चढला. घराच्या सावलीत फुलं नुकती उमललेली, हिरवट, चिमुकली. त्याने कॅलिपर लावला.

“इबुकीसान,” ती खालून म्हणाली, “यंदा शेवटचं.”

हीच ती वेळ होती, आणि त्याने तोंड उघडलंसुद्धा.

“सहा पॉइंट आठ,” तो म्हणाला.

तिने ते लिहून घेतलं. दहा आकडे झाले. चहा झाला. मोची त्याने पानात तशीच परत गुंडाळली. साप्पोरोत अजून बर्फ आहे म्हणे, असं तो म्हणाला, आणि ती म्हणाली की हो, असं मुलगा सांगत होता. फाटकापर्यंत ती पोचवायला आली, वाकली, तोही वाकला, आणि कॅलिपर खिशात घालून आपल्या घरी आला. त्या दिवशी त्याने सरासरी तीनदा काढली. तिन्ही वेळा वेगळी आली.

पुढचा आठवडा सुट्ट्यांचा. गल्लीत नातवंडं येऊन गेली, मुलांच्या सणासाठी घरोघर टांगलेले कागदी मासे फडफडले आणि उतरले. इबुकी घरात बसून स्वतःला शिव्या देत होता. सात मेला संध्याकाळी पाचच्या सुमारास फिरती फाइल त्याच्याकडे आली. आत त्याचीच यादी होती, आणि तिच्यावर दहा तारखेला आंझाईसानना निरोप द्यायला सगळ्यांनी नऊ वाजता जमावं अशी सूचना. त्याने शिक्का मारला, यावेळी सरळ, आणि फाइल घेऊन शेजारी गेला. फाटकावर हुक नव्हता. सामान बांधणाऱ्यांनी तो काढून नेला होता, दोन स्क्रूंची भोकं तेवढी राहिली होती.

आता फाइल ठेवायची कुठे? जमिनीवर ठेवणं बरं दिसत नाही. त्याने बेल दाबली, ती वाजलीच नाही. हाक मारली, उत्तर नाही. फाइल परत घरी नेली तर ती पाचव्या घरात अडकली असं होईल, आणि हे त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवटी तो घराच्या बाजूने मागे गेला.

मागे वळल्यावर तो जागच्या जागी थांबला. झाड पांढरंशुभ्र झालं होतं. हिरवटपणाचा मागमूस नव्हता. एकेक फूल दोन्ही हातांत घ्यावं एवढं, चारी दळं सपाट पसरलेली, इतकी की एकाची कड दुसऱ्याखाली गेलेली. अडतीस वर्षं ज्या डोळ्याने माप न लावता माप ओळखलं त्या डोळ्याला कॅलिपर लागत नाही. चौदा तर होतंच. साडेचौदासुद्धा असेल. नोगामीबाईंनी पेंडीचा डोंगर पुरला असता तरी त्यांच्या झाडाला असं फूल आलं नसतं.

तोकिको पडवीच्या कडेवर बसली होती. हातात काही नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिला दचकल्यासारखं मुळीच झालं नव्हतं.

“हे कधी झालं?” त्याने विचारलं.

“दरवर्षी होतं,” ती म्हणाली. “तुम्ही मोजून गेलात की आठ-दहा दिवसांनी. इथे ऊन उशिरा पोचतं, म्हणून हे सगळ्यांच्या मागून उमलतं. आणि उमलल्यावरही वाढतच राहतं. तुम्ही येता तेव्हा त्याने नुकते डोळे उघडलेले असतात.”

इबुकी पडवीच्या कडेवर बसला, तिने बसा म्हणायच्या आधीच. सगळ्यांना एकच तारीख लावली, एकच वेळ लावली, यापेक्षा न्यायाची गोष्ट नाही असं त्याला वीस वर्षं वाटत आलं होतं. आणि वीस वर्षं तो एका झाडाचं बाळपण मोजून त्याला दोष लावत होता. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर त्याने त्याला दुसऱ्या दिवशी खात्यातून काढलं असतं.

“सांगायचं नाही का?” तो म्हणाला. “वीस वर्षं तुम्हाला शेवटचा नंबर देतोय मी.”

“आमच्या ह्यांना माहीत होतं. ते म्हणायचे, इबुकीला सांगू नकोस, बिचाऱ्याची झोप उडेल.” ती जराशी हसली. “ते गेल्यावर पहिल्या वर्षी मी सांगणार होते. मग विचार केला, सांगून काय होईल? तुम्ही माझ्यासाठी नऊ मे ही वेगळी तारीख लावाल. कॅलिपर घेऊन याल. दहा फुलं मोजाल, चहा प्याल, थंडीविषयी बोलाल आणि जाल. वहीत एक रकाना वाढेल, बाकी काय?”

त्याने नजर कुंपणाकडे वळवली. कुंपणापलीकडे त्याच्याच स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. तिथून फक्त कपड्यांची दांडी दिसते, घराच्या कोपऱ्याआडचं झाड दिसत नाही, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.

“मला वाटायचं,” ती म्हणाली, आणि आता ती झाडाकडे बघत होती, “कधीतरी तुम्ही नुसतेच याल. तारीख नसताना. काही काम नसताना. आलात तर झाड तुम्हाला आपोआपच दिसेल. म्हणून दरवर्षी या आठवड्यात मी रोज संध्याकाळी इथे बसते. तेरा वर्षं बसते.”

तेरा वर्षं! आणि तो कुंपणाच्या पलीकडे, पंधरा पावलांवर, बातम्या लावून एकटा जेवत होता.

“काम होतं म्हणून तर मला येता यायचं,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. “वही नसती तर मी काय सांगून आलो असतो? फुलांचं मला काय पडलंय, आंझाईसान. पहिली काही वर्षं होतं थोडं. नंतर मी तुमच्यासाठीच यायचो.”

“ते मला माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे की नाही, ते कळत नव्हतं.”

“जाऊ नका,” तो म्हणाला.

म्हणाला एकदाचं. इतके दिवस डोंगराएवढे वाटलेले ते दोन शब्द हवेत सुटून गेले. तोकिकोने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले.

“घर दिलंय. पुढच्या आठवड्यात पाडायला येणार, झाडासकट.”

“मी घराचं बोलत नाही. झाडाचंही नाही.”

“मला कळलं तुम्ही कशाचं बोलताय,” ती म्हणाली. “मुलाने खोली रंगवून घेतलीय. सुनेने पायऱ्यांना कठडा लावलाय माझ्या गुडघ्यासाठी. नातीने शाळेत सगळ्यांना सांगितलंय की आजी येणार. त्यांना आता काय सांगू? दहा वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर मी कुंपणच काढून टाकलं असतं.”

त्याने फाइल बाजूला ठेवली. ती उठून चहा करायला गेली, कपबश्या खोक्यात गेल्या होत्या म्हणून दोन वाडग्यांत चहा घेऊन आली. अंधार पडेपर्यंत दोघं बसून राहिली. थंडीविषयी कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. फाइल नव्हती, वही नव्हती, खिशात काही नव्हतं. नोगामीबाईंचा पडदा हलला, त्याने तो हलताना पाहिला आणि तसाच आत गेला. त्या संध्याकाळी तोकिकोने आंझाईच्या शेवटच्या दिवसांतलं बरंच काही सांगितलं, आणि त्यानेही आपल्या बायकोचं नाव बऱ्याच वर्षांनी तोंडाने घेतलं. तिसऱ्या दिवशी वारं सुटलं आणि काही दळं पडवीत येऊन पडली. तिने एक उचलून त्याच्या हातावर ठेवलं आणि तिचा हात तिथेच राहिला. तेरा वर्षांतल्या त्या तीन संध्याकाळी. माणसाला एवढ्यावर समाधान मानता येतं का? इबुकीला आलं नाही. त्या रात्री तो उशीत तोंड खुपसून रडला, शहात्तराव्या वर्षी, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

त्या संध्याकाळी तो निघताना ती म्हणाली होती, “उद्या सगळे असतील. उद्या तुम्ही परत शेजारचे इबुकीसान व्हाल. मला त्याचं वाईट वाटणार नाही.”

दहा मेला नऊ वाजता पाचही घरं फाटकासमोर जमली. कुणी तांदळाचे पापड दिले, कुणी प्रवासात खायला डबा. सामानाची गाडी पुढे गेली होती, विमानतळाकडे नेणारी टॅक्सी दार उघडून उभी होती. तोकिको एकेकासमोर वाकत पुढे सरकत होती. इबुकी रांगेत शेवटी होता. ती त्याच्यासमोर आली आणि बाकीच्यांसमोर वाकली होती तेवढीच वाकली. तोही वाकला. सवयीने तेवढाच वाकला. इतक्या वर्षांनी आपल्याच पाठीचा त्याला राग आला.

ती टॅक्सीत बसली. ड्रायव्हरने दार लावायला घेतलं, तेवढ्यात इबुकी रांग सोडून पुढे आला आणि त्याने दार हाताने धरलं.

“जूनमध्ये येतो मी,” तो म्हणाला. साऱ्या गल्लीला ऐकू गेलं. “साप्पोरोला. आठवडाभर राहीन, कुठेतरी खोली घेऊन. संध्याकाळी तुम्ही घरी असता ना?”

तोकिकोने होकारार्थी मान हलवली. हातरुमाल तोंडावर धरून तिने पुन्हा एकदा मान हलवली, आणि मग दार लागलं.

टॅक्सी कोपऱ्यावर वळली तरी कुणी हललं नाही. मग नोगामीबाईंना राहवलं नाही.

“साप्पोरोला तुमचं काय काम हो, इबुकीसान?”

“काही नाही,” इबुकी म्हणाला, आणि तिकिटाची चौकशी करायला स्टेशनकडे चालू लागला.